युक्रेनच्या खारकीवमधल्या लेखकांच्या बिल्डिंगची टूर: पाचपैकी साडेतीन

हा रिव्ह्यू फारच उशिरा टाकतोय, टूर केली होती ऑक्टोबर 2021 मध्ये, मेडिकलच्या चौथ्या वर्षाला असताना. परवा रूममेटने जुने फोटो ग्रुपवर टाकले, त्यातल्या एका फोटोत मी त्या बिल्डिंगच्या दारात थंडीने कुडकुडत उभा आहे, म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी कबुली देतो. आमचं कॉलेज नाउकोवा मेट्रोजवळ, आणि तिथून पायी फार तर पंधरा मिनिटांवर कुल्तुरी स्ट्रीटवर 9 नंबरची ही पाच मजली बिल्डिंग. तीन वर्षं मी हिच्या बाजूने जाऊन बटाटे-कांदे आणलेत आणि एकदाही मान वर करून बघितलं नाही. नाव 'स्लोवो', म्हणजे शब्द. वरून बघितली तर त्यांच्या लिपीतल्या 'स' या अक्षराच्या आकाराची, आणि त्या अक्षराचं जुनं नावसुद्धा स्लोवोच!

टूर दोन तासांची, इंग्लिशमधून, माणशी अडीचशे ह्रिव्निया (तिथलं चलन). जाहिरातीत लिहिलेलं 'जास्तीत जास्त दहा जण', प्रत्यक्षात आम्ही बावीस. वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, हेडफोन नाहीत, त्यात देर्झप्रोम या जुन्या सरकारी इमारतीसमोरच्या त्या अवाढव्य चौकात वारा असा की गाईडचं पहिलं वाक्य पुढच्या चौघांनी ऐकलं आणि मग मागे पास केलं.

पण बिल्डिंगच्या अंगणात शिरल्यावर माणूस खुलला. 1934 पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी कीव नव्हती, खारकीव होती, हे मला तिथे राहून माहीत नव्हतं, बोला. 1923 पासून कम्युनिस्ट पार्टीनेच युक्रेनियन भाषेला वर काढायचं धोरण घेतलं, शाळा, पेपर, नाटकं सगळं युक्रेनियनमध्ये, आणि मग लेखकांनी सोसायटी काढून हे घर बांधलं. 66 फ्लॅट, घरोघरी टेलिफोन, गच्चीवर ऊन खायची सोय. त्या काळात! गाईड हे सगळं इतकं रंगवून सांगत होता की एखादा बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवतोय असं वाटावं. 1930 च्या आसपास मंडळी राहायला आली आणि तीन-चार वर्षांत एकेका घराचं दार रात्री अटकेसाठी वाजायला लागलं. लोक मग या बिल्डिंगला कच्च्या कैद्यांचा तुरुंग म्हणायला लागले.

तिथल्या मिकोला ख्विलोवी या लेखकाचा भाग मात्र त्याने अगदी जीव ओतून सांगितला. 12 मे 1933 ला ख्विलोवीचा मित्र यालोवी याला पकडून नेलं. दुसऱ्या दिवशी ख्विलोवीने मित्रांना घरी बोलावलं, नाटककार कुलिश होता, दोस्वित्नी होता, गप्पा चालू असताना तो उठून शेजारच्या खोलीत गेला आणि त्याने स्वतःला गोळी मारून घेतली. वय 39. बाहेर तेव्हा अख्ख्या युक्रेनमध्ये माणसं भुकेने मरत होती. हे चालू असताना एक आजी भाजीची पिशवी घेऊन आल्या, आमच्या घोळक्याकडे बघून काहीतरी पुटपुटल्या आणि कडी वाजवून आत गेल्या. गाईडने आवाज एकदम खाली आणला. लोक राहतात हो तिथे अजून. जाहिरातीत 'ख्विलोवीचं घर आतून' असं स्पष्ट लिहिलेलं, प्रत्यक्षात खालून एक खिडकी दाखवली. एक स्टार त्याचा गेला.

उरलेला अर्धा कशाचा ते सांगतो. ख्विलोवीनंतर गाडी जी सुटली ती थांबेचना. नाट्यदिग्दर्शक कुर्बास, कुलिश, कादंबरीकार पिदमोहिल्नी, कवी झेरोव, हजेरी घेतल्यासारखी नावं. सगळे रशियाच्या उत्तरेकडच्या सोलोव्की बेटावरच्या तुरुंगात, आणि तिथून रशियातल्याच कारेलियाच्या सांदारमोखच्या जंगलात नेऊन 3 नोव्हेंबर 1937 ला गोळ्या घातल्या. 27 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर एवढ्यात त्या तुरुंगातले 1111 कैदी संपवले, ती जागा सापडली थेट 1997 मध्ये. ठीक आहे, आकडे ऐकून पोटात खड्डा पडला. पण अरे बाबा, ही माणसं लिहायची काय ते पण सांग ना! झेरोव तुरुंगात बसून रोमन कवी व्हर्जिलचं भाषांतर करत होता हे एका वाक्यात उरकलं.

अपवाद एकच, कुलिशचं 'मिना मझाइलो' नाटक, 1929 चं. एका साहेबाला आपलं युक्रेनियन आडनाव गावंढळ वाटतं म्हणून बदलून रशियन थाटाचं करायचंय, 'शुद्ध' रशियन उच्चारांसाठी तो चक्क शिकवणी लावतो आणि त्याचा 'ग' काही केल्या रशियन होत नाही. आपल्याकडे 'न' आणि 'ण' वरून ज्याला कोणी हसलंय त्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. त्यातली कुर्स्कहून आलेली मावशी तर स्टेशनवर रशियन 'खारकोव'ऐवजी युक्रेनियन 'खारकीव' अशी पाटी बघून भडकते, शहराचं वाटोळं केलंत म्हणते. गाईडने मावशीचा आवाज काढून दाखवला, बावीसच्या बावीस जण हसले. आम्ही इंडियन पोरं तेव्हा सर्रास खारकोवच म्हणायचो, माझं हसू जरा अर्ध्यावरच थांबलं. टूरमधली ही दहा मिनिटं अख्ख्या अडीचशेची होती.

शेवट एका पार्कमध्ये. ख्विलोवीला पुरलेलं ते कब्रस्तान मोडून तिथे पार्क केलाय, थडगं गेलं ते गेलंच. पोरं सायकली फिरवत होती, एक कुत्रा आमच्यात घुसला. गाईडने तिथे पाच मिनिटं दिली आणि त्यातली दोन 'ऑनलाइन पाच स्टार नक्की द्या' यात घालवली.

मार्च 2022 मध्ये रशियाच्या तोफमाऱ्यात स्लोवोचंही नुकसान झालं. त्याच महिन्यात मीही तिथून निघालो.

अशी टूर परत कधी करणाऱ्यांसाठी: मधल्या मार्शरुत्काचं (तिथली मिनीबस) भाडं फीमध्ये धरलेलं नसतं, सुट्टे ठेवा. आणि त्या अंगणात हळू बोला, आजी वरून बघत असतात.