स्क्रीन आमच्या भिंतीवर, चावी त्याच्या खिशात

मालवण, तारकर्ली, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात खानावळ किंवा हॉटेल चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. स्वयंपाकघरात ऑर्डर दाखवणारी स्क्रीन बनवून देतो म्हणून एकाने आमच्याकडून दीड लाखाच्या आसपास रक्कम नेली. तो अजून मोकळा फिरतो आहे आणि पुढच्या हंगामाआधी आणखी कुणाच्या तरी दारात उभा राहील.

आमची कमाई दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना यांतच होते. जून-जुलैत मासेमारी बंद, पाऊस धो धो, म्हणून डागडुजी आणि खरेदी तेव्हाच. तो नेमका त्याच दिवसांत आला.

स्क्रीन कशी असावी याबद्दलचं त्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. स्वयंपाकघरात बसून त्याने टिपणं काढली. चुलीजवळच्या उष्णतेने केओटीचा, म्हणजे स्वयंपाकघरात येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीचा, थर्मल कागद काळा पडतो, हे त्याने आम्हाला दाखवलं. त्याऐवजी स्क्रीनवर प्रत्येक ऑर्डरवर वेळ दिसेल, उशीर होत गेला की हिरव्याची पिवळी आणि मग लाल होईल. तव्यावरचं तव्यापाशी, रश्शाचं रश्शापाशी, वड्यांचं कढईपाशी वेगळं दिसेल. ‘तिखट कमी’, ‘लसूण नको’ अशा सूचना मोठ्या अक्षरात, वेगळ्या रंगात. सहा टेबलांवरच्या मिळून किती सुरमई तळायच्या, तो एकूण आकडा वर कोपऱ्यात. चुकून ‘झालं’ दाबलं गेलं तर ती ऑर्डर परत आणायची सोय. सगळं मराठीत. चांगली स्क्रीन खरोखर अशीच असते. ही सगळी चित्रं त्याने रंगीत छापून दिली आणि ‘खास तुमच्यासाठी, कायमचं’ असं लिहूनही दिलं. पैसे तीन हप्त्यांत घेतले: डिझाइनचे, यंत्राचे, बसवणुकीचे. ‘फर्मचं खातं बदलतंय’ म्हणून स्वतःच्या वैयक्तिक खात्यावर.

बसवलं ते साधं घरगुती टॅब्लेट, प्लॅस्टिकच्या पेटीत. ‘वॉटरप्रूफ’ असं नुसतं चिकटवलेलं. पाणी सोसणाऱ्या यंत्रावर आयपी६५ सारखा दर्जा लिहिलेला असतो, तसं इथे काही नव्हतं. बोट लागलं की असल्या काचेवरच्या विजेत बारीक बदल होतो, त्यावरून तिला स्पर्श कळतो. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की तीसुद्धा तो स्पर्श समजते, आणि मसाल्याचं ओलं बोट तिला नीट कळत नाही. म्हणून गर्दीच्या स्वयंपाकघरात खाली जाड बटणांची पट्टी लावतात. आमच्या काकी, ज्यांच्या हातावर ही खानावळ उभी आहे, पहिल्याच गर्दीत म्हणाल्या, “वयनी, मी हात पुसत बसू काय तव्यार बघू?” त्या कागदावर परत गेल्या, ते योग्यच केलं.

खरी लबाडी दिवाळीच्या तोंडावर कळली. स्क्रीनवर ‘मुदत संपली’ असं आलं. तो म्हणाला, सर्व्हरचा वर्षाचा खर्च भरा. भरला. दोन दिवसांत परत तेच, आणि त्याचा फोन बंद. कुडाळच्या एका ओळखीच्या मुलाने सगळं तपासलं. ‘खास आमच्यासाठी’ बनवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं तयार सॉफ्टवेअर, आणि तेही काही दिवस फुकट वापरून बघायला मिळतं ते. खातं त्याच्या मोबाइल नंबरवर, ओटीपीही त्यालाच. आमचा मेनू, दर, रोजची विक्री, सगळं त्याच्या हातात. छापलेल्या चित्रांतली एकही गोष्ट त्यात नव्हती. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याचा निघाला. मला सगळ्यात राग येतो तो याचा, की काकींच्या कामाचं इतकं नीट निरीक्षण करून त्याने ते फक्त आमचा विश्वास मिळवायला वापरलं.

तुमच्याकडे असा कोणी आला तर खातं तुमच्या मोबाइल नंबरवर, तुमच्यासमोर उघडायला लावा. सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचं, हे बिलावर लिहून घ्या. जीएसटी क्रमांक तिथल्या तिथे पोर्टलवर टाका, नाव जुळलंच पाहिजे. यंत्र चालू स्वयंपाकघरात, ओल्या हाताने, आणि मुद्दाम इंटरनेट बंद करून बघा. आपल्याकडे पावसात नेट आणि वीज दोन्ही जातात. चांगली यंत्रणा नेट गेलं तरी आतल्या वायफायवर ऑर्डर दाखवत राहते, आमची कोरी पडायची.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० ला, फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. फसवणुकीसाठी पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. काही जण सांगतील, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही. ते अर्धंच खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने त्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त धरत नाहीत. घरच्या माणसांनी चालवलेल्या खानावळीला हे फार मोलाचं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आमची तक्रार दिलेली आहे. एकाच हिताच्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. म्हणून अशीच रंगीत चित्रं आणि प्लॅस्टिकच्या पेटीतलं टॅब्लेट तुमच्याकडेही आलं असेल, तर ते फेकू नका. बिल, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ती चित्रं, सगळं जपून ठेवा आणि मला कळवा.