एडिटिंगचा शॉर्ट कोर्स: काही महिने काम केल्यानंतरचं मत

दिवाळीनंतर पुण्यातल्या एका खासगी संस्थेत व्हिडिओ एडिटिंगचा शॉर्ट कोर्स केला. आता पावसाळा लागलाय. सर्टिफिकेट हातात पडलं त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. मधल्या काळात संस्थांच्या फिल्म, मुलाखती आणि एका माहितीपटाचा रफ कट (पहिली कच्ची जुळणी) अशी कामं केली. आज साडेतीन देईन, आणि तेही त्या वेळी ज्या भागाचं कौतुक वाटलं होतं त्यासाठी नाही.

अर्ध्याहून जास्त वेळ सॉफ्टवेअरमध्ये गेला. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती यूएचडीपर्यंत (ज्याला लोक 4K म्हणतात) एक्स्पोर्ट देते, वॉटरमार्क न टाकता, त्यामुळे नवख्याला ती पुरून उरते. पण बटणं कुठे आहेत हे यूट्यूबवरही कळतं, त्यासाठी फी भरायची गरज नाही. कलर ग्रेडिंगच्या, म्हणजे शॉटचे रंग जुळवण्याच्या, दिवशी वर्ग खच्चून भरला होता. कामात मला ते सगळ्यात कमी लागलं.

उपयोगी पडली ती कंटाळवाणी शिस्त. टाइमलाइनला (जिथे शॉट ओळीने जोडतात ती पट्टी) हात लावण्याआधी सगळे रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फूटेज, शेवटपर्यंत बघायचे, प्रत्येक टेकपुढे दोन शब्द लिहायचे. फ्रेम रेट आधी ठरवायचा: आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर काम सुरू झालं की तो बदलता येत नाही. मोबाइलचं फूटेज बहुतेक वेळा व्हेरिएबल, म्हणजे मध्येच कमीजास्त होणाऱ्या, फ्रेम रेटचं असतं. ते आधी कन्व्हर्ट केलं नाही, तर लांबलचक मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात.

सगळ्यात चांगला स्वाध्याय म्हणजे एकाच प्रसंगाचे रशेस सगळ्यांना वाटले होते. बाप-मुलीचं साधं भांडण. कुणी बोलणाऱ्याच्या तोंडावर राहिलं, कुणी ऐकणाऱ्याच्या. दुसऱ्या प्रकारात बाप खलनायक न वाटता बिचारा वाटायला लागला. रशियन दिग्दर्शक कुलेशॉवचा प्रयोग, तोच चेहरा आधी सूपच्या वाटीशेजारी आणि मग शवपेटीशेजारी जोडला की प्रेक्षकाला त्यावर वेगळाच भाव दिसतो, हा पुस्तकात वाचला होताच. पण शेजारच्या मुलाच्या स्क्रीनवर आपलाच शॉट वेगळं बोलतो, तेव्हा तो पटतो.

शिकवलं नाही ते मराठी बाइट, म्हणजे मुलाखतीतला बोलण्याचा तुकडा, कापणं. सगळी उदाहरणं इंग्रजी मुलाखतींची होती. आपल्याकडे क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि आवाजही तिथेच खाली उतरतो. ‘आम्ही तेव्हा विहिरीचं पाणी...’ इथे कापलं की माणूस अडखळल्यासारखा वाटतो. म्हणून बाइट लहान करायचा तर शेपूट ठेवून डोकं उडवायचं. गावाकडची मंडळी क्रियापदानंतरही ‘ना’, ‘काय’, ‘बघा’ जोडतात. ते सरसकट काढलं तर बोलणं सरकारी जाहिरातीसारखं होतं. मी दर दोन-तीनांतला एक ठेवतो. कापलेल्या जागी झाकायला कटअवे, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा सोडून दुसरा शॉट, लागतो, म्हणून हल्ली कॅमेरावाल्याला आधीच सांगतो, हातांचे, अंगणाचे, भांड्यांचे शॉट भरपूर घे. आणि अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून रूम टोन, म्हणजे त्या खोलीचा नुसता आवाज, घे. या शेवटच्या सूचनेवर तो अजूनही हसतो.

आवाजाला कोर्समध्ये एकच दुपार मिळाली, याबद्दल एक तारा कापला. चित्रात एखादा कट खटकला तरी प्रेक्षक पुढे जातो, पण मागचा पंख्याचा आवाज मध्येच तुटला की त्याला लगेच कळतं.

‘कोर्सनंतर लगेच मालिकेत काम’ अशी आशा ठेवून जाऊ नका. तिथे सुरुवात असिस्टंट म्हणून, सिंक लावण्यापासून (चित्र आणि आवाज जुळवण्यापासून) आणि रात्रपाळीने होते. पण हाताशी स्वतःचं शूट केलेलं काही असेल, गावची जत्रा, आजीची मुलाखत, काहीही, तर जरूर करा आणि सरांच्या नमुना क्लिपऐवजी तेच वर्गात कापायला घ्या. प्रवेश घेताना एकच विचारा: माझा रफ कट कुणी शेजारी बसून बघणार का, आणि किती वेळा? उत्तर गुळमुळीत आलं तर त्या फीमध्ये बरे हेडफोन आणि बॅकअपसाठी दुसरी हार्ड डिस्क घ्या.