खारपाणपट्ट्यात निमखाऱ्या पाण्याचा टँक: मोली-क्रोमाइड घ्यावेत की पफर?

“मामा, आपल्या बोअरचं पानी त खारंच हाय, मंग मीठ कायले इकत आनाचं?” भाच्यानं दर्यापूरहून फोनवर विचारलं. निमखाऱ्या पाण्याचा टँक लावायचं त्याच्या मनात होतं आणि मोली मासे आणावेत की पफर मासा, इथं घोडं अडलं होतं. पण आधी पाण्याचंच बोलावं लागलं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणात सोडियमचे क्षार भरमसाठ असतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं. त्यात दर बोअरचं पाणी वेगळं, आणि एकाच बोअरचं श्रावणात एक तर वैशाखात दुसरं. माझ्या बोअरचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) २,४०० भरतो. हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायचं उपकरण) या माशांना हवी ती १.००५ घनता दिसायला लिटरमागे ७ ते ८ ग्रॅम मरीन सॉल्ट (समुद्रातले सगळे क्षार असलेलं मीठ) लागतं. म्हणजे आपलं पाणी माणसाला खारट आणि या माशांना अळणी. (खाऱ्या पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी लोणार काढतंच. तिथलं पाणी अल्कधर्मी, तो प्रकारच वेगळा.) तेव्हा आरओचा कॅन आणायचा, आदल्या रात्री बादलीत मरीन सॉल्ट विरघळवायचं, एअर पंप सोडून ठेवायचा आणि सकाळी मोजायचं. किराणातलं मीठ नुसतं सोडियम क्लोराइड, ते चालत नाही.

आता मासे. मोलीला गोडं पाणीही चालतं आणि पूर्ण समुद्राचंही, इतकी ती सोशिक. १.००५ वर तिची तब्येत गोड्या पाण्यापेक्षा चांगली राहते, हा माझा अनुभव. तिच्यासोबत ऑरेंज क्रोमाइड ठेवावा. हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या किनारी पाण्यातला, बोटभर लांबीचा, केशरी-पिवळा मासा. पाच-सहा एकत्र ठेवले तर आपसातली दादागिरी वाटली जाते. अंड्यांवर बसलेली जोडी मात्र सगळ्यांना कोपऱ्यात दाबते, आणि मोलीची पिल्लं क्रोमाइडच्या पोटात जातात. मला त्याचं वाईट वाटत नाही, नाहीतर सहा महिन्यांत टँकभर मोलीच मोली. दोघंही कोरडं खाद्य खातात. गावात राहणाऱ्याला ही गोष्ट सगळ्यात मोठी आहे.

फिगर-एट पफरचा थाट वेगळा. डोळे दोन्हीकडे स्वतंत्र फिरवत तो काचेपाशी येतो आणि आपल्याकडे टक लावून बघतो. घरातल्या पोरांना दुसरा मासा दिसेनासाच होतो. वाढ ८ सेंटीमीटरपर्यंत, घनता तीच १.००५ च्या आसपास. म्हणून दुकानात “मोलीसोबत ठेवा” असं सांगतात. पाणी जुळतं, स्वभाव जुळत नाही. माझ्याकडं तिसऱ्या दिवशी मोलीच्या शेपटीला अर्धगोल चावे दिसले. पफर एकटाच ठेवायचा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला कवचाच्या गोगलगायी लागतात. कोरड्या दाण्याकडं तो ढुंकून बघत नाही. नाल्यातल्या गोगलगायी आणू नका, कपाशीवरच्या फवारणीचं पाणी तिथंच उतरतं. अंगणात वेगळ्या बादलीत त्या वाढवता येत असतील तरच पफरचा विचार करा. घेताना पाठ नीट बघा: आठाच्या आकड्यासारखी खूण असेल तर फिगर-एट, हिरव्या अंगावर सुटे काळे ठिपके असतील तर तो ग्रीन स्पॉटेड. तो १५ सेंटीमीटर होतो, वाढेल तसं जास्त मीठ मागतो. मला एका दुकानानं हाच “गोड्या पाण्यातला” म्हणून दिला होता.

बंबलबी गोबी गोड दिसतो, पण मोलीच्या धांदलीत उपाशी मरतो. मोनो आणि स्कॅट हे मासे तर सोडूनच द्या. दुकानात ते रुपयाएवढे असतात आणि पुढं वीतभर होतात. तीनशे लिटरला १.०१५ ठेवायचं म्हटलं तर पहिल्याच भरणीला सहा-सात किलो मीठ.

दोन्ही पर्यायांना उन्हाळा सारखाच नडतो. माझा तीन फुटी टँक, आत शंभर लिटर पाणी. मे महिन्यात कूलरच्या वाऱ्यानं रोज दोन लिटर उडायचं आणि मी शहाणा, तितकंच खारं पाणी भरायचो. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. महिन्याभरात १.००५ चं १.००८ झालं. मोलींनी निभावून नेलं; फिल्टरमधले जिवाणू गडबडले आणि पाणी दुधाळ झालं. उडालेलं पाणी आरओच्या साध्या पाण्यानंच भरा, खारं पाणी फक्त पाणी बदलताना. लोडशेडिंगसाठी बॅटरीचा एअर पंप हवाच. गरम आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

माशाला नव्या पाण्यात रुळवण्याची रीत तो कुठून आला त्यावर ठरते. जवळच्या दुकानातून आणला तर पिशवी वीस मिनिटं टँकवर तरंगू द्या, मग मासा पाण्यासकट बादलीत घेऊन मेडिकलमधल्या नव्या सलाईनच्या नळीनं टँकचं पाणी बादलीत सोडा. चकती फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर. ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून आलेल्या पार्सलला मात्र हे करू नका. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, कार्बन डायऑक्साइडमुळं पीएच उतरलेला असतो, म्हणून अमोनिया बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पाठवणाऱ्याला घनता आधी विचारून तेवढ्याच खारटपणाचा टब तयार ठेवा, तापमान जुळलं की मासा लगेच टबात. टँकची घनता मग आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त वाढवू नका. पफरला जाळीनं उचलू नका, मगमध्ये पाण्यासकट घ्या. हवा गिळून फुगला तर ती बाहेर काढणं त्याला जड जातं.

भाच्याला मी मोली आणि क्रोमाइड सांगितले. त्यानं गोगलगायींची बादलीही मांडली आहे. पार्सल दिवाळीनंतर मागवू म्हणतो, तोवर ४४ अंशांचे दिवस सरलेले असतील.