खारकर आळीतलं जुनं घर की घोडबंदरचा नवा फ्लॅट?

ठाण्यात खारकर आळीसारख्या जुन्या वस्तीत दुरुस्त केलेलं दुमजली घर मिळत असेल, तर माझा कौल त्यालाच. मासुंदा तलाव, कोपिनेश्वर मंदिर, बाजार, स्टेशन सगळं पायी. घोडबंदर रोडला लिफ्ट, पार्किंग आहे. पण स्टेशन गाठताना ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला येतो.

मात्र दुरुस्ती नेमकी काय केली, ते आधी बघा. अशा घरांच्या भिंती बहुधा चुन्यातल्या. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि भिंतीत शिरलेली सागवानी तुळयांची टोकं कुजू लागतात. तीच टोकं दाभणाने टोचून पाहा. दाभण सहज आत गेलं, तर सुताराला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मालमत्ता पत्रकावर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, सगळ्या वारसांची नावं हवीत आणि घरात जुना भाडेकरू नको. आधी तिथे ऑफिस असेल तर निवासी वापराला महापालिकेची परवानगी लागेल का, तेही विचारा. नव्या फ्लॅटची बरीच माहिती महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरच मिळते.

घरात वयस्कर माणसं आणि जिना उभा असेल, तर मात्र फ्लॅटच घ्या.