पाठीवरचा ब्लोअर: पेट्रोलचा की बॅटरीचा?
ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये पानगळीचा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने पेव्हर ब्लॉकच्या फटींत अशी अडकतात की खराट्याने ती निघता निघत नाहीत. हवेच्या झोताने असा पाला उडवणारे, पाठीवर अडकवायचे यंत्र म्हणजे ब्लोअर; ते पेट्रोलवर चालते किंवा बॅटरीवर.

पेट्रोलच्या यंत्राचा जोर निर्विवाद आहे. टाकी संपली की पुन्हा भरून काम चालू ठेवता येते. मात्र टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, बहुधा ५० भागांस १ भाग या प्रमाणात. शिवाय पंपावरचे पेट्रोल इथेनॉलमिश्रित असल्याने ओलावा शोषून घेते आणि पावसाळाभर टाकीत तसेच राहिले, तर पुढच्या हंगामात कार्ब्युरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करून घेण्याची वेळ येते. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. हे काम वॉचमनच्या भरवशावर सोडू नये.

बॅटरीच्या यंत्राला यातले काहीच करावे लागत नाही. पूर्ण जोरावर चालवल्यास बॅटरी लवकर उतरते आणि जादा बॅटरी महाग पडते, हे खरे. परंतु निवासी क्षेत्रात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि दोन इमारतींच्या मधल्या अरुंद चौकात पेट्रोल इंजिन घुमू लागले की तक्रार आलीच म्हणून समजा.

दोन-तीन इमारतींच्या सोसायटीने माझ्या मते बॅटरीचेच यंत्र घ्यावे. पेट्रोलचे यंत्र मोठ्या संकुलालाच परवडते. दवाने भिजलेला पाला दोन्हींना जड जातो, तेव्हा ऊन चढल्यावरच काम काढावे.