डूम: स्विचवर की पीएस फोरवर?

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की माझा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, बाहेर निघतो. २०१६चा 'डूम' हा राक्षसांना गोळ्या घालायचा गेम २०१७मध्ये त्यावर आला, तोही अख्ख्या कॅम्पेनसकट, म्हणजे एकट्याने खेळायच्या पूर्ण कथेसकट. याचं मला मनापासून कौतुक आहे. पण टीव्हीला जोडायच्या पीएस फोरवर (सोनीचं प्लेस्टेशन ४) हाच गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे चित्रांनी, पळतो, इथे ३०ने. लांबचा इंप नावाचा राक्षस इतका धूसर दिसतो की त्याने आगीचा गोळा फेकल्यावरच तो कुठे आहे ते कळतं. छोट्या स्टिकवर नेमही चुकतो. नंतरच्या अपडेटमध्ये स्विच कलवून नेम धरायची सोय आली, ती आधी चालू करा. मित्र टीव्हीवरच अडून बसलेत. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मीही पीएस फोरच सांगेन. दुसऱ्या फेरीला मात्र स्विच, डोळे झाकून.