इलफर्ड एचपी फाइव्ह प्लस : गोव्याच्या उन्हात आणि पावसात

कृष्णधवल फोटोग्राफी शिकायची असेल तर सुरुवातीला एकाच फिल्मला चिकटून राहा, आणि ती इलफर्ड कंपनीची एचपी फाइव्ह प्लस असू द्या. मँचेस्टरला शिकत असताना कॉलेजच्या डार्करूममध्ये माझा हात हिच्यावरच बसला. १९८९पासून बाजारात असलेली ही ४०० आयएसओची (हा आकडा फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगतो) फिल्म तिथून जवळच, चेशायरमधल्या मॉबर्लीत बनते. आता फोंड्याला घरी आले तरी कॅमेऱ्यात तीच असते.

इंग्लंडच्या ढगाळ उजेडात सावल्या फारशा नसतातच, उजेड मोजणारं मीटर सांगेल ते चालून जातं. मे महिन्यातल्या दुपारी मंगेशीच्या अंगणात मात्र फिल्मची खरी परीक्षा होते. पांढराशुभ्र दीपस्तंभ डोळे दिपवतो आणि सभामंडपात काळोख. तेव्हा मी मीटर ४००ऐवजी २००वर ठेवते, म्हणजे फिल्मला दुप्पट उजेड मिळतो, आणि डेव्हलपिंगचा वेळ साधारण पाचव्या हिश्शाने कमी करते. सावलीतला तपशील येतो, दीपस्तंभाचा चुनाही कोरा पडत नाही. इतकं सांभाळून घेणारी फिल्म नवशिक्याला हवीच.

गोव्यात खरा प्रश्न रंगांचा आहे. चिऱ्याची भिंत लाल, तिच्यामागचा माड हिरवा. डोळ्यांना केवढा फरक! फिल्मवर मात्र दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात. नारिंगी फिल्टर लावला की चिरा उजळतो, झावळ्या गडद होतात, आभाळही उतरतं. पिवळट हिरव्या फिल्टरने उलट, माड पुढे येतो. कुठल्या गोष्टीला उजेड द्यायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि मला या फिल्मचं सगळ्यात मोठं सुख त्यातच वाटतं. मँचेस्टरच्या विटांनी हे मला कधी शिकवलं नव्हतं.

पावसाळ्यात दिवाडीच्या फेरीबोटीवर उजेड इतका कमी की फिल्म १६०० आयएसओची धरून फोटो काढावे लागतात. मग आयडी-११ हे इलफर्डचं डेव्हलपर पाणी न मिसळता, २० अंशांना १४ मिनिटं. ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा, ठळक होतो, पण छत्र्या आणि ओले रेनकोट त्यात शोभतात.

घरी फिल्म धुताना अडचण आमच्या नळाच्या पाण्याची. उन्हाळ्यात ते २० अंशांवर कुठून मिळणार? बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून मी २४वर आणते. एकास एक पाणी मिसळलेल्या आयडी-११ला २० अंशांना १३ मिनिटं लागतात, ती तिथे साधारण नऊवर येतात. शेवटचं पाणीही फार वेगळ्या तापमानाचं नको. इलफर्डची धुण्याची पद्धत पाणीटंचाईत वरदान आहे : फिल्म असलेली छोटी टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटीसुलटी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. बस्स.

तक्रार एकच, किंमत. बाहेरून येणारी असल्याने विद्यार्थ्याच्या खिशाला जड जाते, आणि मला पणजीत ती दुकानात मिळाली नाही, ऑनलाइनच मागवते. मागवलीत तर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या काही तास आधी बाहेर काढा आणि थंडपणा गेल्याशिवाय डबी उघडू नका, नाहीतर आमच्या दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं. काढून झालेला रोलही पावसाळ्यात रेंगाळू न देता लगेच धुऊन टाका.